तारेतला आपला शब्द

॥ श्री ॥
पिंपरखेडे, तापीकाठ
माघ वद्य ५, शके १८५५

चि. बन्सीलाल यास,

फुईचा हात डोक्यावर आहे असं धरून वाच. इकडे सगळी बरी आहेत. पुण्याच्या थंडीत कानाला काही बांधतोस का? तू केवढाही साहेब झालास तरी डावा कान तोच आहे, ज्यात मी लसणाचं तेल सोडायची.

तुझं पत्र पोचलं. शब्बीरने नंदुरबारच्या टपालातून सोडवून आणलं. त्याच्या गाडीचा बैल म्हातारा झाला, त्याची जीभ काही झाली नाही. स्टेशनावर जे ऐकतो ते प्रकाश्याच्या उतारावर नदी ओलांडेपर्यंत चार गावांना वाटून मोकळा होतो. म्हैस व्याली. परसातल्या केळीला घड एवढा मोठा लागला की बांबूचा टेकू द्यावा लागला. चुनीलालभावजींचा पुढचा दात पडला, त्यामुळे ते कुणाला नावं ठेवायला लागले की मध्येच शिट्टी वाजते. पण भावजी जातीचे पंच पडले, तेव्हा दात असो नसो, त्यांचा शब्द चावतोच.

कोकिळा बरी आहे.

तुझ्या पत्रात माणसं कमी आणि मैल जास्त, ही तुझी जुनीच खोड. तरी मी दोनदोनदा वाचते. काल वाचता वाचता उगाच मागचं सगळं आठवत बसले. तू, माझ्या भावाचं पोर, आईवेगळा होऊन माझ्या घरी आलास तेव्हा माझा भटू नुकता पाऊल टाकायला लागला होता. पुढे दोघं मिळून मोरीचं पाणी अंगणातून तुळशीकडे न्यायचात. भटू बांध फोडायचा, तू पुन्हा घालायचास, आणि मी दोघांनाही धपाटे घालायची. नंदुरबारला तुम्हाला पहिल्यांदा आगगाडी दाखवली तर भटू माझ्या लुगड्यात शिरला आणि तू रुळाशी उकिडवा बसून चाकांखाली बघत राहिलास. गार्डाने ओरडून उठवलं. त्या दिवशीच मी मनाशी म्हटलं, हे पोर शेतात राहायचं नाही.

मग नंदुरबारची शाळा, शब्बीरच्या अब्बांच्या ओट्यावरचा तुझा अभ्यास. सुट्टीत तू वह्या घरी टाकून नदीवर पळायचास आणि मी दुपारची त्या उघडून बसायची. मला शिकवलं कुणी नाही. तुझ्या पहिल्या पुस्तकाने अक्षरं दिली आणि तुझ्या वह्यांनी वाचन. तू लिहायचास त्याच्या दुप्पट खोडायचास. म्हणून धड लिहिलेल्याआधी मला खोडलेलंच वाचता यायला लागलं.

पुण्याचं कॉलेज झालं, रेल्वेत लागलास. नदीत विहिरी उतरवून त्यांवर पुलाचे खांब उभे करतो, असं लिहिलंस तेव्हा मी पाणवठ्यावर मोठ्या तोऱ्याने सांगितलं. बायका म्हणाल्या, मंगलाबाई, नदीत विहीर कशाला, नदी आटली का? तुझ्या नोकरीपायी मी असं पुष्कळ हसं सोसलंय. भटूला पटकी झाली त्या पावसाळ्यात तुझ्या पुलाच्या खांबाला पूर लागला होता. तुला निघता आलं नाही. तेराव्यानंतर आलास आणि ओट्यावरच बसून राहिलास. आत कोकिळा आहे, भाभीला तोंड कसं दाखवू, म्हणालास. त्यानंतर रेल्वे सोडून तू सिंधच्या कालव्यांवर गेलास. तिथे तुझी बायको, माझी धाकटी सून, तापाने गेली. मला चार ओळी लिहिल्यास, त्यांतली एक वाळूच्या वादळाची होती. ते पत्र वाचून मी चुलीपुढे बसले ती बसलेच. कोकिळेने न विचारता येऊन भाकरी उलटली.

बघ, कागद भरत आला आणि जे लिहायला बसले ते अजून दाराबाहेर उभं आहे. आत घेते.

संक्रांतीच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, बन्सी, आता तुझं काहीतरी ठरव. ‘काहीतरी’ एवढंच लिहिलं, नाव लिहायची छाती झाली नाही. आपल्यात विधवेचा दिराशी पाट लावायची चाल आहे. मोठ्या दिराशी चालत नाही, धाकट्याशी चालतो. भटू तुझ्याहून मोठा. म्हणजे वाट मोकळी होती. मी डोळे मिटून एक खडा टाकला होता.

आणि त्यावर तुझी तार आली.

गावात तार म्हणजे कोणीतरी गेलं. शब्बीर मात्र लांबूनच हसत येत होता. तारमास्तराने त्याला सगळं समजावून पाठवलं होतं. पाट ठरला. कोकिळेला कळवा. होळीआधी येतो. तेवढंच. तार इंग्रजीत, पण त्यात आपला म्हणून एकच शब्द तू तसाच ठेवला होतास, पाट. मास्तराला त्याचं इंग्रजी ठाऊक नव्हतं, शब्बीरला अर्थ चांगला ठाऊक होता. "फुई, गूळ काढो," म्हणाला.

मी गूळ काढला.

आता तू म्हणशील, फुई, पाट म्हणजे पाण्याचा, हे तुला सुचलं कसं नाही? अरे, सुचावं कशावरून? दिवाळीला तू मोजणीची साखळी आणि निशाणं घेऊन आलास, कालव्यासाठी शिवार मोजलंस, आणि मागोमाग वरून नकार आल्याचं तूच कळवलंस. त्या निशाणांच्या फडक्यांच्या गावात पोरांना लंगोट्या झाल्या. पाण्याचं नाव लोकांनी टाकून दिलं होतं. शिवाय तू स्वतः नेहमी कालवा म्हणतोस. तारेत कालवा घातला असतास तर मास्तराकडे त्याला इंग्रजी शब्द होता. फुईला समजावं म्हणून तू फुईचा शब्द घातलास, आणि फुईला तिच्या मनातलंच समजलं. आणि त्यात कोकिळेचं नाव!

मी त्याच पावली कोकिळेकडे गेले. ती ज्वारी निवडत होती. तार जशीच्या तशी सांगितली आणि विचारलं, बन्सीशी पाट लावायचं तुझ्या मनात आहे का?

इथे लेखणी अडते, बन्सी.

तुला ठाऊक आहे, तिच्या भावांनी दोनदा तिचा पाट ठरवला होता. एकदा तर पाहुणे दारात आले होते. दोन्ही वेळा तिने असं तोंड फिरवलं की भाऊ वर्षभर या काठाला फिरकले नाहीत. तीच ही. सुपातले खडे वेचायची थांबली, पदर पुढे ओढला, आणि हो म्हणाली. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी शेणगोठा करता करता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "बाई, तेस्ले जवारनी भाकर चालस का? का गहूनीच सवय व्हयी गई?"

तेस्ले! नुसतं त्यांना! आजवर ती तुला बन्सीभाऊ म्हणत आली. त्या दिवसापासून तिने ‘भाऊ’ काढून टाकलं, आणि नाव तर ती घेईच ना. मी गोठ्यात म्हशीआड जाऊन रडले. सुखाने रडले रे.

मग शब्बीरची जीभ गावभर फिरली. भावजी दारात येऊन शिट्टी वाजवत म्हणाले, इंजिनेराशी पाट म्हणजे सरकारी पाट, कोकिळेला पाणीपट्टी भरावी लागेल. सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता तेच शब्द मनाशी पुन्हा म्हणून बघितले. सरकारी पाट. पाणीपट्टी. आईशप्पत, तोवर तो दुसरा अर्थ माझ्या डोक्यातच आला नव्हता.

आठवड्याने तुझं हे पत्र आलं. मी नेहमी मोठ्याने वाचते, कोकिळा समोर बसून ऐकते. पहिल्या ओळीत आशीर्वाद मागितलास, तेवढी मोठ्याने वाचली. दुसरीत लिहिलंस, नाकारलेल्या कालव्याला पुन्हा मंजुरी मिळाली. तिसरीत, भाभींनी दिवाळीला विचारलं होतं, ठरलं की पहिल्यांदा तुम्हाला कळवीन असं मी म्हटलं होतं, म्हणून तारेत त्यांचं नाव घातलं. मी थांबले. डोळेच तेवढे खाली सरकत राहिले. पुढे मोऱ्या, उतार, खोदाई. सगळं गिळलं आणि म्हटलं, सगळ्यांना नमस्कार लिहिलाय.

"इतलंच?" ती म्हणाली.

इतलंच, म्हटलं मी.

तेव्हापासून तुझं पत्र मी पदराला बांधून फिरते. तिने पेटीतलं लुगडं काढून उन्हात घातलंय. तिला मी काय सांगू? तू साखळी-निशाणं घेऊन उतरशील, गाव बघायला जमेल, भावजी शिट्टी वाजवतील. ती ओरडणार नाही, रडणार नाही, मला तिची रीत ठाऊक आहे. गुपचूप माहेरी जाईल आणि तिथे भावजयांच्या हाताखाली जन्म काढील. भटू गेल्यापासून मी तिच्याच तोंडाकडे बघून जगले. आणि तुला तरी कशी बांधू? तू कधी तिचा तसा विचार केला नसशील. माझ्या एका शब्दाच्या चुकीने तुझ्या गळ्यात पाट पडू नये.

म्हणून, बन्सी, जन्मभर तुला ‘ये’ लिहिलं, आज लिहिते, येऊ नकोस. होळी जाऊ दे. काहीतरी सरकारी कारण काढ. तोवर मी तिला कसं सांगायचं ते शोधते.

खडा टाकून आता पाण्याकडे बघवत नाही, अशी
तुझी फुई


॥ श्री ॥
पिंपरखेडे
फाल्गुन शुद्ध ४, शके १८५५

चि. बन्सीलाल,

मागच्या पत्रातले आशीर्वाद शिल्लक असतील, आज तेच घे. शब्बीर ओट्यावर थांबलाय, त्याला गाडी गाठायची आहे.

मी शोधत बसले आणि तुझी माणसंच माझ्याआधी पोचली. तू आला नाहीस, पण तुझं खातं थोडंच थांबतं? परवा सकाळी दोन चपराशी आणि एक मोजणीदार निशाणं घेऊन आले आणि आपल्या मळ्याच्या बांधावर लाल फडकी रोवायला लागले. मी विहिरीवर होते, कोकिळा माझ्यामागे घडा घेऊन. अर्धं गाव तिथे. चुनीलालभावजी लांबून निशाणं बघत आले आणि सगळ्यांच्या मध्ये उभे राहून म्हणाले, "अरे, पाट तर पाण्याचा निघाला की!"

काय हशा पिकला म्हणून सांगू. विहिरीच्या काठावरच्या बायकासुद्धा पदर तोंडात धरून हसल्या. मी पोहऱ्याचा दोर ओढतच राहिले. मागे वळून बघायची हिंमत होईना.

तू जाणतोस, सुनेने सासऱ्याच्या नात्याच्या माणसाशी समोरासमोर बोलायची आपल्यात रीत नाही. कोकिळा पदराआडून मला म्हणाली, पण आवाज असा लावला की पंचाला ऐकू जावं. "बाई, मामाजीस्ले सांगा, पानीना निंघना ते बरंच व्हयनं. तेस्न्या केळीबी पितीन."

पुन्हा हशा, पण या वेळी भावजींकडे बघून. त्यांची शिट्टी बंद झाली. कोकिळेने घडा भरला, डोक्यावर घेतला आणि चालू लागली. पाणी सांडलं नाही.

घरी आल्यावर मात्र मी उंबऱ्यातच बसले आणि सगळं ओकून टाकलं. तुझं पत्र, मी गिळलेल्या ओळी, तुला येऊ नको म्हणून लिहिलं तेही. म्हटलं, पोरी, मला जोड्याने मार, मी तुझा चारचौघांत तमाशा केला. तिने घडा उतरवला. माझ्या शेजारी बसली. तिच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहिते, माझी भर एका मात्रेची नाही.

"बाई, तार पानीना पाटनीच शे, ते माले तवळच समजनं. दिवाळीले तेस्नी सांगेल व्हतं."

मी म्हटलं, मग हो कशाला म्हणालीस?

"तारले हो नही म्हनं. तुमीन इचारं, त्याले हो म्हनं. भाऊस्नी दोन्हीदा ठरायीसन सांगं. इतला वरीसमा माले इचारं ते तुमीनच."

बन्सी, मी उंबऱ्यात बसल्या बसल्या सगळं पहिल्यापासून पुन्हा जुळवलं. मी समजत होते की मी तिला फसवलं. तिला तर तार पहिल्यापासून उमजली होती. तू काहीएक मागितलेलं नाहीस हे ठाऊक असून, भावांसारखं ठरवून न सांगता मी विचारलं म्हणून, ती हो म्हणाली, लुगडं उन्हात घातलं, भाकरीचं विचारलं. मागून म्हणाली, तेस्नं मन नसंल ते काही बिघडत नही, मी हो म्हनं ते मन्हं मन्हापान ऱ्हाई. तिचं तिच्याजवळ राहील म्हणते. आणि उठून गोठ्यात गेली. असं कसं राहील, सांग मला.

आज सकाळी तुझं उत्तर आलं. एरवीसारखंच आठ ओळींचं. होळीपर्यंत थांबतो, मोजणीची माणसं मात्र आधीच निघाली आहेत, त्यांना अडवता येणार नाही. पाण्याचं सगळं नीट लिहिलंस. शेवटच्या ओळीत लिहिलंस, ‘कोकिळाभाभी काय म्हणाल्या?’ आणि त्यातलं ‘भाभी’ खोडलंस.

मी ते पत्र उजेडात धरलं, तिरपं केलं, चष्मा पुसला. शाई सांडली असेल म्हणावं तर रेघ सरळ आहे, पट्टी लावून ओढल्यासारखी. शब्द चुकला म्हणून खोडावा तर दुसरा वर लिहिलेला नाही. तुझं खोडलेलं वाचत मी म्हातारी झाले, तरी या वेळी माझ्या वाचण्यावर माझाच भरवसा नाही. तार वाचताना मनातलं वाचून एकदा तोंडघशी पडले आहे. पुन्हा तेच करत नसेन कशावरून? म्हणून कुणाला दाखवलं नाही. कोकिळेलाही नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर वर लिहिलं. आता माझं ऐक.

पाटाच्या कामाला तुला यावं तर लागणारच. फक्त पाण्यासाठी येणार असशील तर चावडीत उतर. जेवण मी तिकडे पाठवीन, शब्बीरजवळ निरोप दे, आणि या घरात त्यावर कोणी चकार शब्द काढणार नाही. मी तुझ्यावर रागावणार नाही, कोकिळा तर नाहीच. नुसतं पाणी आलं तरी आमची केळी हसतील, तेवढं पुष्कळ आहे. पण ती रेघ तू मन घालून ओढली असशील, तर सरळ घरी ये. पाट अंधारात लावावा, सवाशिणींनी तिचं तोंड बघू नये, असं भावजी सांगत येतील. तू भर दुपारी ये. आणि आल्यावर ‘ठरलं’ म्हणू नकोस, बाबा. साऱ्या मुलखाची मोजणी करतोस, तेवढं हे जप. मी विचारलं ते माझं झालं, आता तू तिला विचार.

उलट टपाली लिहू नकोस आणि तार तर मुळीच करू नकोस. आता तारमास्तर दिसला तरी मी वाट बदलते.

तुझ्या भाकरीची ज्वारी निवडून ठेवली आहे. तिने अजून जात्यात घातलेली नाही.

शब्बीर हाका मारतोय. आशीर्वाद दोघींकडून घे, भटूच्या आईकडून आणि
तुझ्या फुईकडून.